वाळवंट रिकामं असतं, हे कुणी ठरवलं?

रेतघड्याळ

गेले काही महिने एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा धागा काढतेय.

माझं काम जमिनीच्या वापराचे नकाशे करण्याचं. उपग्रहाची छायाचित्रं समोर घ्यायची आणि तुकड्या-तुकड्याला रंग द्यायचा. शेती हिरवी, पाणी निळं, वस्ती लाल. यातल्या कशातच न बसणाऱ्या जमिनीला राखाडी रंग. त्या रंगाचं सूचीतलं नाव 'पडीक'. थर वाळवंटाच्या एका पट्ट्यावर मी असाच दोन दिवस राखाडी रंग भरला. नंतर प्रत्यक्ष पाहणीला गेलेला सहकारी परत आला, माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसला आणि पेन्सिलीने त्या राखाडीवर खुणा करायला लागला. इथे विहीर. इथे आणखी एक. ही मेंढ्यांची वाट, पावसाळ्याआधी एकीकडे जाते, नंतर दुसरीकडे. हे ओरण, म्हणजे देवाच्या नावाने राखलेलं रान, इथलं झाड कुणी तोडत नाही. अर्ध्या तासात माझ्या राखाडीवर रेघांचं जाळं झालं होतं. मी नुसती बघत राहिले.

तेव्हापासून वाळवंटाला दिलेल्या शब्दांकडे लक्ष जायला लागलंय. इंग्रजी 'डेझर्ट'च्या मुळाशी लॅटिन शब्द आहे, अर्थ 'सोडून दिलेलं'. आपल्या 'मरुभूमी'त 'मृ' धातू आहे, म्हणजे मरण. अरबस्तानातल्या त्या प्रचंड वाळवंटाचं नकाशातलं नाव 'रब अल खाली', अर्थात रिकामा चौथा हिस्सा. पण तिथून उंट घेऊन जाणारे बदू लोक त्याला नुसतं 'वाळू' म्हणत. 'सहारा' हा अरबी शब्द भुरकट-पिवळसर रंगावरून आलाय असं मानतात, तिथे रिकामेपणाचा संबंध नाही.

आणि मराठीतलं 'वाळवंट' तर मुळात नदीकाठच्या वाळूलाही म्हणतात. चंद्रभागेचं वाळवंट म्हटलं की निर्जन जागा कुणाच्याच डोळ्यांपुढे येत नाही. उलट पाय ठेवायला जागा नसते.

तर विचारायचंय असं: वाळवंट भरलेलं आहे असं मानणारी चित्रं, गोष्टी, माणसं तुम्हाला कुठे भेटली? आणि ते रिकामं आहे असं म्हटल्याने कुणाचं काय साधलं?

निवडुंग

चांगला विषय काढलात. आधी एक गैरसमज दूर करतो, म्हणजे पुढचं बोलणं सोपं जाईल. वाळवंट म्हणजे वाळू नव्हे. वर्षाला साधारण २५० मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस पडणारा प्रदेश, ही ढोबळ व्याख्या. त्या हिशेबाने जगातलं सगळ्यात मोठं वाळवंट अंटार्क्टिका आहे. सहारातही वाळूच्या टेकड्यांखालची जमीन साधारण पाव हिस्साच, बाकी खडकाळ पठारं, गोट्यांची मैदानं, डोंगर. टेकडीवरून चाललेल्या उंटांची रांग हे चित्र इतकं घट्ट बसलंय की उरलेलं पाऊण वाळवंट दिसतच नाही.

'रिकामं' म्हणाल तर मी पायाखालचं उदाहरण देतो. अमेरिकेच्या युटा भागात मी काही आठवडे होतो. तिथल्या रानात जमिनीवर काळपट, खडबडीत पापुद्रा दिसतो, करपलेल्या भाकरीसारखा. पहिल्या दिवशी मी त्यावरून चालणार होतो, तर सोबतच्या बाईंनी दंडाला धरून मागे ओढलं. त्यांनी भिंग दिलं आणि पोटावर झोपायला लावलं. जवळून पाहिलं तर एकेक वाळूचा कण बारीक तंतूंनी शेजारच्या कणाला बांधलेला. हे सायनोबॅक्टेरिया नावाच्या सूक्ष्मजीवांचे तंतू. त्यांच्याभोवती चिकट आवरण असतं, पाऊस पडला की ते फुगतात, वाळूतून सरकतात आणि मागे चिकट नळ्या सोडून जातात. त्या नळ्यांनी माती जागेवर धरून ठेवलेली असते. शेवाळं आणि दगडफूल नंतर येऊन बसतात. एक पाऊल पडलं की हे सगळं मोडतं आणि पुन्हा जमायला कित्येक दशकं लागतात. मी त्यानंतर तिथे खडकावरून किंवा ओढ्याच्या पात्रातूनच चाललो.

गेरू

माझा विषय गुहाचित्रं, त्यामुळे राहवत नाही.

अल्जीरियात तास्सिली नाज्जेर नावाचं पठार आहे, सहाराच्या ऐन मध्यात. १९८२ पासून जागतिक वारसा यादीत आहे. तिथल्या खडकांवर पंधरा हजारांहून जास्त चित्रं आणि कोरीव आकृत्या नोंदल्या गेल्यात. काय आहे त्यांत? जिराफ, हत्ती, पाणघोडे आणि पुढच्या काळात गुरांचे कळपच्या कळप. एकेका गाईच्या अंगावरचे ठिपके वेगळे काढलेत. गुराख्याला आपली गाय ठिपक्यांवरून ओळखता येते, आणि ज्याने चित्र काढलं त्याला त्या गाई ओळखू येत होत्या, याबद्दल मला शंका नाही.

इजिप्तच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात गिल्फ कबीर भागात एक गुहा आहे, १९३३ साली हंगेरियन प्रवासी अल्माशीला सापडलेली. तिच्या भिंतीवर लहान लहान माणसं आडवी, हातपाय ताणलेली. पोहताना दिसतात. ते पोहणंच आहे की मृतांचा प्रवास किंवा आणखी काही, यावर अभ्यासकांत वाद आहे. पण त्या भागात एके काळी तळी होती हे पक्कं.

सुमारे ११,००० ते ५,००० वर्षांपूर्वी सहारा हिरवा होता. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा हळूहळू डुलतो, एका डुलण्याला वीस हजारांहून जास्त वर्षं लागतात. त्यामुळे त्या काळात उत्तर गोलार्धात उन्हाळ्यात ऊन जास्त तीव्र पडत होतं, आफ्रिकेचा मोसमी पाऊस बराच उत्तरेपर्यंत पोहोचत होता. मग तो सरकत दक्षिणेला गेला, तळी आटली, माणसं पाण्यामागे गेली, त्यांतली काही नाईलकडे.

वाळवंट कायमचंच तसं होतं असं आपण धरून चालतो. तिथली माणसं मात्र त्याचं बदलणं भिंतीवर नोंदवत होती. आधी पाणघोडे, मग गाई, मग घोडे, शेवटी उंट. एका भिंतीवर काही हजार वर्षांचा पाऊस वाचता येतो.

धूळपाटी

गेरू यांनी आटलेल्या तळ्यांचा उल्लेख केला, त्याच्या पुढचा भाग मला सांगू द्या, कारण ती तळी अजून कामाला आहेत.

चाड देशात बोदेले नावाची खोलगट जागा आहे. त्या हिरव्या काळात तिथे अतिविशाल सरोवर होतं. आजचं चाड सरोवर हा त्याचाच उरलेला तुकडा. पाण्यात डायटम नावाची सूक्ष्म शैवालं होती, ती मरून तळाशी साचली, पांढरी भुकटी झाली. सरोवर आटलं आणि ती भुकटी उघडी पडली. आता बाजूच्या दोन डोंगररांगांच्या फटीतून वारा घुसतो आणि ती उचलतो. पृथ्वीवर हवेत सगळ्यात जास्त धूळ सोडणाऱ्या जागांत बोदेलेचा क्रमांक फार वरचा आहे.

सहाराची ही धूळ अटलांटिक ओलांडून ॲमेझॉनच्या जंगलावर पडते. २०१५ साली उपग्रहाच्या मोजण्यांवरून काढलेला अंदाज असा की तिच्यासोबत दर वर्षी सुमारे २२,००० टन फॉस्फरस तिथे पोहोचतं. ॲमेझॉनची जमीन पावसाने सतत धुपते, फॉस्फरस वाहून जातं. जेवढं वाहून जातं साधारण तेवढंच या धुळीतून भरून निघतं, असा तो हिशेब. वाटेत जी धूळ समुद्रात पडते तिच्यातल्या लोहावर तिथले सूक्ष्मजीव जगतात.

म्हणून 'सहारा पुन्हा हिरवा करू' असं कुणी म्हणालं की मला आधी विचारावंसं वाटतं, त्या जंगलाचं खत मग कुठून आणायचं?

अंगणवेल

वाचतेय. धूळपाटी, हे माहीतच नव्हतं. लिहीत राहा सगळ्यांनी.

उत्तररात्र

चित्रांबद्दल आलं, मी गोष्टीकडे वळते.

सिंधमध्ये उमर-मारवीची लोककथा आहे. शाह अब्दुल लतीफ भिटाई (१६८९-१७५२) यांनी तिच्यावर रचलेली पदं सिंधी माणसाला तोंडपाठ असतात. मारवी थरमधल्या मलीरची. गुरं राखणाऱ्यांची मुलगी. उमरकोटचा राजा उमर तिच्या रूपाची कीर्ती ऐकतो, विहिरीवर पाणी भरायला आली असता तिला उचलून नेतो आणि किल्ल्यात ठेवतो. रेशीम देतो, दागिने देतो, लग्नाची मागणी घालतो. ती अंगावरची जाडीभरडी लोकरी चादर सोडत नाही. केस विंचरत नाही. पाऊस पडला की तिला वाटतं, आता मलीरमध्ये काय उगवलं असेल, कुणाच्या शेळ्या कुठे चरायला गेल्या असतील. इथेच मेले तर माझा देह तिकडे न्या, तिथल्या गार वाळूत ठेवा, असं ती म्हणते.

गार वाळू! मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा या शब्दाशी थबकले. वाळवंटातली वाळू आपल्या कल्पनेत नेहमी तापलेली असते, कारण आपण तिथे दुपारी जाणारे पाहुणे. जी तिथे वाढली तिला रात्रीची, पहाटेची, पावसानंतरची वाळू ठाऊक असते. या कथेत तुरुंग म्हणजे महाल, आणि घर म्हणजे वाळवंट. वाळवंटात भरकटलेल्या नायकाच्या गोष्टी पुष्कळ आहेत. वाळवंटापासून तोडल्यामुळे झुरणारी ही एकच मला माहीत आहे.

दुसरी आठवण अरबी कवितेची. इस्लामपूर्व काळातल्या दीर्घ कविता बहुधा एका ठरलेल्या जागी सुरू होतात. कवी वाळवंटातून जाताना थांबतो, समोर उठून गेलेल्या तळाच्या खुणा असतात. चुलीचे काळे दगड, तंबूभोवती खणलेला चर, जनावरांची लेंडकं. इथे त्याची प्रेयसी राहत होती. या खुणांना 'अतलाल' म्हणतात. वाचणाऱ्याला एक मोकळं मैदान दिसतं, कवीला तिथे कोणाचा तंबू कुठे होता ते दिसतं. रेतघड्याळ, तुमच्या सहकाऱ्याच्या पेन्सिलीसारखंच वाटलं मला हे.

उंबरठा

सगळे इतक्या प्रेमाने लिहिताहेत, तरी मला थोडं वेगळं बोलायचंय. राग मानू नका.

मी पिण्याच्या पाण्याच्या कामासाठी थरमध्ये तीन वर्षं काढली. वाळवंट भरलेलं आहे हे खरंच. पण ज्या बाईचा रोजचा अर्धा दिवस पाण्याच्या खेपांत जातो, तिला तुम्ही तिचं वाळवंट किती सुंदर आहे हे सांगायला गेलात तर ती ऐकून घेईल आणि घागर उचलून चालायला लागेल. मी ज्या घरांत जेवले तिथल्या मुलांना उंट नको होते, नोकरी हवी होती. रिकामं म्हणणारे बाहेरचे होते तसे पवित्र म्हणणारेही बरेचदा बाहेरचेच असतात.

तरी तिथे मी जे शिकले ते सांगते. तिथले लोक पाण्याला तीन नावं देतात. पावसाचं थेट मिळालेलं ते पालर. खोल भूगर्भातलं ते पाताळपाणी, आणि ते बहुतेक जागी खारं. या दोन्हींच्या मधलं ते रेजाणी. काही भागांत वाळूखाली जिप्समचा, म्हणजे खडूसारख्या खनिजाचा थर असतो. पावसाचं पाणी वाळूत मुरतं, या थरावर अडतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यात मिसळत नाही. ओल म्हणून वाळूतच राहतं. ती ओल गोळा करायला कुंई खणतात. ही विहीर नव्हे, तोंड अगदी अरुंद, एक माणूस जेमतेम बसून खणेल एवढं. आत जीव गुदमरतो, म्हणून वरचे लोक मधूनमधून मूठभर वाळू जोरात खाली टाकतात. वाळूसोबत ताजी हवा खाली जाते. खणणारा डोक्यावर धातूचं भांडं पालथं घालून बसतो. बाजूची वाळू ढासळू नये म्हणून गवताच्या जाड दोराचे वेढे आतून रचत जातात. एवढं करून दिवसाला दोन-तीन घागरी पाणी झिरपतं. गोड पाणी. मी ते प्यायले आहे.

आणि हाच थर उलटतोही. २००६ च्या ऑगस्टमध्ये बाडमेरमध्ये अतिवृष्टी झाली, कवास गाव बुडालं. खाली जिप्सम असल्यामुळे पाणी जिरेना, महिनोन्‌महिने साचून राहिलं. वाळवंटात माणसं पुरात गेली. जमिनीखाली काय आहे हे जुन्या कुंईवाल्यांना माहीत होतं. वस्ती आणि रस्ते वाढवताना ते त्यांना कुणी विचारलं नाही.

रेतघड्याळ

उंबरठा, राग कसला, हे यायलाच हवं होतं. मला वाळवंटाची आरती करायची नाहीये. कुंई जिथे आहे ती जागा माझ्या नकाशात 'पडीक' होती, एवढंच माझं दुखणं आहे. त्या बाईच्या पाण्यासाठी नळ टाकायचा म्हटलं तरी आधी ती तिथे राहते हे कागदावर दिसावं लागेल ना.

पाऊलखूण

'रिकामं म्हटल्याने कुणाचं काय साधलं' याचं उत्तर तारखांतच आहे.

१६ जुलै १९४५, अमेरिकेतलं न्यू मेक्सिकोचं वाळवंट, पहिला अणुस्फोट. १९५१ पासून नेवाडा. १९५६ पासून ऑस्ट्रेलियात मारालिंगा, स्फोट ब्रिटनचे. १३ फेब्रुवारी १९६०, सहारातलं रेगान, फ्रान्स. १६ ऑक्टोबर १९६४, लोप नुर, चीन. १८ मे १९७४, पोखरण. राजवटी वेगळ्या, एकमेकांच्या शत्रूसुद्धा, पण जागा निवडताना सगळ्यांना एकच सुचलं.

नेवाडातली जमीन वेस्टर्न शोशोनी या मूळनिवासी लोकांची, १८६३ च्या करारात ती त्यांची म्हणून मान्य केलेली. मारालिंगाच्या भूमीवर आनांगू या मूळनिवासी लोकांच्या वाटा होत्या. इंग्रजी येत नसलेल्या माणसांसाठी धोक्याच्या पाट्या इंग्रजीत लावल्या होत्या. 'मारालिंगा' हा शब्दही आनांगूंचा नाही, दूर उत्तरेकडच्या दुसऱ्याच लोकांच्या भाषेतून अधिकाऱ्यांनी उचलला. अर्थ 'मेघगर्जना'. सहारात फ्रान्सने १९६६ पर्यंत एकूण १७ स्फोट केले, त्यांतले बरेच अल्जीरिया स्वतंत्र झाल्यानंतरचे.

नावांचं राजकारण निघालंच आहे म्हणून आणखी एक. कॅलिफोर्नियातल्या 'मृत्यूच्या दरी'ला ते नाव १८४९ मध्ये सोन्याच्या शोधात निघून तिथे अडकलेल्यांनी दिलं. काही आठवडे त्यांनी तिथे काढले. हजार वर्षं तिथे राहणारे तिंबिशा शोशोनी स्वतःचं नाव तिथल्या लाल गेरूवरून सांगतात. रंगासाठी वापरायची ती माती. 'मृत्यूची दरी' या नावाला त्यांनी वारंवार विरोध केलाय. २००० साली कायदा होऊन त्यांना दरीतला थोडा भाग परत मिळाला. नाव मात्र तेच आहे.

सूर्यकण

इथे मला विरोधी बाजू मांडावी लागेल, कारण मी सौरऊर्जेच्या क्षेत्रात आहे आणि या कामावर माझा मनापासून विश्वास आहे.

कोळसा बंद करायचा तर वीज कुठून तरी यायला हवी. थरमध्ये ऊन भरपूर, ढग कमी, शेतीची सुपीक जमीन घ्यावी लागत नाही. राजस्थानातल्या भडल्याचा सौरप्रकल्प २,२४५ मेगावॉटचा, सुमारे १४,००० एकरांवर. एवढी वीज कोळशातून काढायची तर किती जंगल खणावं लागेल, किती राख कुणाच्या छातीत जाईल, हाही हिशेब मांडा. हवामान बदललं तर सगळ्यात आधी होरपळणार तेही वाळवंटातलेच लोक.

शमीपत्र

सूर्यकण, तुमचा मुद्दा खरा आहे आणि मी सौरऊर्जेच्या विरोधात अजिबात नाही. माझा प्रश्न जागेचा आहे. 'शेतीची सुपीक जमीन घ्यावी लागत नाही' या वाक्यात वाळवंटाची जमीन कुणाच्याच कामाची नाही हे गृहीत आहे.

ओरण म्हणजे देवाच्या नावाने राखलेलं चराऊ रान. शब्द अरण्यावरूनच आलाय. आपण देवराई म्हणतो तशातलं, पण गर्द नाही, बहुतेक गवत, बोर, केर नावाचं झुडूप आणि खेजडी. खेजडी म्हणजे आपली शमी. १७३० साली जोधपूरजवळ खेजडलीत ही झाडं वाचवताना ३६३ बिष्णोई माणसांनी प्राण दिले. राजाला चुना भाजायला लाकूड हवं होतं. झाडाला मिठी मारून उभी राहिलेली पहिली अमृतादेवी. कितीतरी ओरणं सरकारदरबारी आजही 'पडीक' म्हणून नोंदलेली आहेत आणि पडीक जमीन प्रकल्पाला देणं सोपं जातं. जैसलमेर भागातली माणसं ओरणं आधी ओरण म्हणून नोंदवा एवढीच मागणी घेऊन मैलोन्‌मैल चाललीत.

दुसरं, माळढोक. जगात आता जेमतेम दीडशेच्या आसपास उरलेत आणि त्यांतले बहुतेक थरमध्ये. हा पक्षी पंधरा किलोपर्यंत भरतो. त्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना, समोरचं नीट दिसत नाही, आणि एवढ्या वजनाला आयत्या वेळी वळताही येत नाही. समोर विजेची तार आली की आपटतो. मादी बहुधा वर्षाला एकच अंडं घालते, त्यामुळे एक मेला तरी ती जागा भरत नाही. २०२१ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या भागातल्या तारा जमिनीखाली घ्यायला सांगितलं. मार्च २०२४ मध्ये तो आदेश शिथिल करून तज्ज्ञांच्या समितीकडे सोपवला. पॅनेल छतांवर बसू शकतात, कालव्यांवर बसू शकतात. माळढोकाला दुसरीकडे कुठे बसवणार?

सूर्यकण

तारांचं मान्य. ओरणांची नोंद आधी आणि वाटप नंतर, हा क्रमही मला मान्य आहे. आमच्या जागेच्या पाहणीत 'पडीक' हा शब्द आला की आम्ही पुढे काही विचारत नाही, हे हा धागा वाचताना लक्षात आलं. पुढच्या पाहणीत विचारणार.

निवडुंग

उलटी चूकही सांगायला हवी. वाळवंट रिकामं आहे म्हणून भरून टाकू, ही.

कच्छच्या बन्नी गवताळ रानात १९६०च्या दशकात रण पसरू नये म्हणून विलायती बाभूळ पेरली. मूळची अमेरिका खंडातली. ती इतकी माजली की गवत हटलं, आणि तिथले गुरं पाळणारे मालधारी तिला 'गांडो बावळ', वेडी बाभूळ म्हणतात. गुरांनी शेंगा खायच्या आणि शेणातून बी आणखी पुढे न्यायचं, असं ते चक्र.

'वाळवंट चाल करून येतंय' ही कल्पनाही तपासून बघण्यासारखी आहे. १९७५ मध्ये सुदानमधल्या एका पाहणीत म्हटलं होतं की १७ वर्षांत सहारा ९० ते १०० किलोमीटर दक्षिणेला सरकला. वर्षाला साडेपाच किलोमीटर हा आकडा त्यातूनच जगभर झाला. पुढे स्वीडनच्या लुंड विद्यापीठाच्या संशोधकांनी उपग्रहचित्रं आणि जमिनीवरच्या पाहण्या तपासल्या तर असं सलग सरकणं सापडलं नाही. पाऊस कमी झाला की सीमा खाली, वाढला की वर. जमीन नापीक होते हे खरं, त्यामागे जंगलतोड, चुकीचं सिंचन, अति चराई, दुष्काळ अशी कारणं असतात. पण ती ठिगळाठिगळांनी होते, सैन्यासारखी रांगेत येत नाही. सैन्य म्हटलं की भिंत सुचते. २००७ मध्ये आफ्रिकी महासंघाने ८,००० किलोमीटर झाडांची 'हिरवी भिंत' ठरवली. सुरुवातीला लावलेली रोपं बऱ्याच ठिकाणी राखणीअभावी वाळली. आता तिथेही झाडांच्या पट्ट्याऐवजी गावागावांच्या जमिनीवर भर देताहेत.

उपयोगी पडलं ते वेगळंच. नायजरच्या शेतकऱ्यांनी झाडं लावलीच नाहीत. शेतात जुन्या झाडांची खोडं-मुळं जिवंत होती, दर वर्षी फुटवे यायचे आणि नांगरटीत जायचे. ते राखायला सुरुवात केली. साधारण ५० लाख हेक्टरवर झाडं परत आली. आधी झाड सरकारचं मानलं जायचं, ते आपलं वाटायला लागलं हे त्यामागचं मोठं कारण. बुर्किना फासोत याकुबा सावादोगो यांनी १९८०च्या सुमारास, ऐन दुष्काळात, कडक जमिनीत हातभर रुंदीचे खड्डे खणून त्यांत शेणखत टाकलं. वाळवी आली, तिने बिळं पाडली, पहिल्या पावसाचं पाणी त्या बिळांतून खाली उतरलं. लोकांनी त्यांना वेडं ठरवलं होतं. २०१८ मध्ये त्यांना राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला, २०२३ मध्ये ते गेले. जी जमीन मुळात शेतीची होती आणि बिघडली, ती त्यांनी दुरुस्त केली. खऱ्या वाळवंटाला हात लावला नाही. हा फरक मला फार मोलाचा वाटतो.

गेरू

कलेकडे परत येऊ का? एक तुलना बरेच दिवस मनात आहे.

१९६९ मध्ये मायकल हायझर या अमेरिकन कलावंताने नेवाडातल्या एका पठाराच्या कडेला समोरासमोर दोन प्रचंड चर खणले. सुमारे २,४०,००० टन खडक हलवला. १९७७ मध्ये वॉल्टर डी मारियाने न्यू मेक्सिकोत पोलादाचे ४०० खांब उभे केले, एक मैल बाय एक किलोमीटरच्या जाळीत. खांबांचं काम मला मनापासून आवडतं. छायाचित्रांत पहाटे ते खांब पेटल्यासारखे उजळलेले असतात. पण दोन्हींत वाळवंट म्हणजे कोरा कागद, आणि कलावंत त्यावर पहिली रेघ ओढणार.

त्याच सुमारास, १९७१ मध्ये, ऑस्ट्रेलियाच्या मध्यावर पापुन्या नावाच्या वस्तीत वेगळं काही घडत होतं. त्या प्रदेशाला १९०६ मध्ये एका भूगर्भशास्त्रज्ञाने खंडाचं 'मृत काळीज' म्हटलं होतं. आपल्या जमिनींवरून हलवून आणलेली माणसं तिथे राहत होती. जेफ्री बार्डन या शिक्षकाच्या प्रोत्साहनाने तिथल्या वडीलधाऱ्यांनी शाळेच्या भिंतीवर मधमुंगीची पवित्र कथा रंगवली. पुढच्या वर्षी त्यांची स्वतःची संस्था झाली. ती भिंत पुढे रंग फासून मिटवली गेली, पण पाट्यांवर, मग कॅनव्हासवर चित्रं येत राहिली. वर्तुळ म्हणजे पाण्याची जागा किंवा तळ, नागमोडी रेघ म्हणजे पूर्वजांच्या प्रवासाची वाट, इंग्रजी 'यू'सारखी खूण म्हणजे बसलेला माणूस. ज्या खुणा बाहेरच्यांनी पाहू नयेत त्या झाकायलाही ठिपके वापरले. आपल्याला वाटतं नुसती नक्षी. प्रत्यक्षात तो आकाशातून पाहिलेला देश आहे.

उत्तररात्र

गेरू, मग ऑस्ट्रेलियातल्याच ग्रेट सँडी डेझर्टमधल्या त्या मोठ्या कॅनव्हासबद्दल लिहायलाच हवं. तुम्ही लिहिणार होतात का? मी लिहिते.

तिथल्या लोकांनी आपल्या भूमीवर कायदेशीर हक्क मागितला. न्यायाधिकरणापुढे पुरावा द्यायचा तर इंग्रजीत, कागदांवर. वडीलधाऱ्यांना ते जमेना. तेव्हा १९९७ मध्ये ते वाळवंटाच्या कडेला जमले आणि सगळ्यांनी मिळून सुमारे दहा मीटर बाय आठ मीटरचं एक चित्र रंगवलं. ज्याची जी जागा, ती त्याने काढायची. त्याला 'ङुर्रारा' म्हणतात, म्हणजे आपलं घर, आपली भूमी. हे चित्र जमिनीवर अंथरलं, आणि साक्ष देताना प्रत्येक जण चित्रातल्या आपल्या पाणवठ्यावर जाऊन उभा राहिला आणि आपल्या भाषेत बोलला. २००७ मध्ये त्यांचा हक्क मान्य झाला.

उंबरठा

हे मला माहीत नव्हतं. आपल्या पाणवठ्यावर उभं राहून बोलणं. थरमधल्या माझ्या ओळखीच्या बायकांना कुणी असं बोलायला लावलं तर त्या दिवसभर बोलतील, एकेका कुंईचं नाव, ती कुणाच्या आजोबांनी खणली आणि कुठल्या साली आटली ते सगळं.

रेतघड्याळ

धागा काढताना इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं.

आज कार्यालयात गेले तेव्हा सहकाऱ्याने पेन्सिलीने भरलेला तो कागद खणातून काढला. सूचीत नवा रंग घालायला परवानगी लागते, ती मागितली आहे. तोपर्यंत राखाडीच्या वर एक वेगळा थर केलाय. दोन्ही विहिरी टाकल्या, मेंढ्यांची वाट टाकली, येण्या-जाण्याच्या दोन दिशांना दोन बाण. ओरणाची हद्द त्याला फोनवर विचारून विचारून काढली, त्याने तिथल्या एका मेंढपाळाला फोन करून खात्री केली. एका बाजूला हद्द मी चुकवली होती, ती खेजडीच्या एका झाडापासून वळते.

आता या थराला नाव काय द्यायचं यावर अडलेय. मराठी नकाशात 'देवराई' लिहिलं तर सगळ्यांना कळेल, पण शमीपत्र म्हणतात तसं ते गर्द नाही, गवताचं आहे.

शमीपत्र

ओरणच लिहा. तिथले लोक म्हणतात तेच. आणि सूचीत त्याच्यापुढे त्या मेंढपाळाला विचारून कोणती झाडं, कोणतं गवत तेही लिहा.

रेतघड्याळ

ओरण लिहिलं. गवताच्या नावांसाठी उद्या फोन करायचाय, सकाळी लवकर, तो कळप घेऊन निघायच्या आधी.